वाचणे आणि तपासणे

प्राध्यापकाच्या आयुष्यातील चढउतार कशावरून मोजायचे, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. नेमणूक, स्थायित्व, स्थाननिश्चिती, विभागप्रमुखपद हे चढ. रखडलेली पदोन्नती, रिक्तच राहिलेले पद, अभ्यासमंडळावरून गळालेले नाव हे उतार. सेवापुस्तिकेत एवढेच लिहिलेले असते, आणि निवृत्तीच्या समारंभात वक्तेही बहुधा तिच्यातलेच वाचून दाखवतात. आम्हीही बराच काळ आमच्या नोकरीकडे असेच पाहत आलो. आमच्या अध्यापनातला सर्वांत मोठा उतार मात्र सेवापुस्तिकेत कोठेही नोंदलेला नाही. तो एका उत्तरपत्रिकेच्या दीड पानाशी निगडित आहे, आणि प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे.

मराठी कादंबरीला प्राध्यापक अपरिचित नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या १९७५ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात हिंडत राहतो. संस्थाचालक, जातींचे गट, भाड्याच्या खोल्या, सहकाऱ्यांचे हेवेदावे असे महाविद्यालयीन जगाचे एक सबंध समाजशास्त्रच त्या चतुष्टयात आहे. इंग्रजीत जॉन विल्यम्स यांची 'स्टोनर' (१९६५) ही कादंबरी याच पेशाविषयी आहे. मिसूरी विद्यापीठात शेतकी शिकायला आलेला शेतकऱ्याचा मुलगा साहित्याकडे वळतो, तेथेच आयुष्यभर शिकवतो आणि सहायक प्राध्यापक या पदाच्या वर कधीही जात नाही. या निरस वाटणाऱ्या आयुष्यातला निर्णायक प्रसंग कोणता? एका संशोधक विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेत त्याला उत्तीर्ण करण्यास स्टोनर नकार देतो, आणि त्या नकाराची किंमत पुढे वर्षानुवर्षे मोजतो.

विल्यम्स यांची ही निवड आम्हांस फार मार्मिक वाटते. अध्यापकाच्या हातात खरी सत्ता अशी एकच असते: दुसऱ्याच्या शब्दांवर निवाडा देण्याची. त्याची नैतिक कसोटीही तेथेच लागते. स्टोनर त्या कसोटीला उतरला. आम्ही उतरलो नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. केंद्रीय मूल्यमापन केंद्रावर पदवीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम चालू होते. उन्हाळा, लांबलचक सभागृह, घरघरणारे पंखे, प्रत्येकापुढे एक गठ्ठा. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बारकोड असतो. त्यामुळे लिहिणारा कोण, कुठला, मुलगा की मुलगी, हे परीक्षकाला कळत नाही, आणि ते योग्यच आहे. प्रश्न नेहमीचा होता: 'बहिणाबाईंच्या कवितेतील जीवनदृष्टी सोदाहरण स्पष्ट करा.' गुण पंधरा. सोबतच्या नमुना उत्तरात सहा मुद्दे होते: श्रमनिष्ठा, निसर्गाशी नाते, सासर-माहेर, दैव आणि कर्तृत्व, मानवी मनाचे चिंतन, बोलीची लय.

दुपारी चहानंतर एक उत्तर पुढे आले. सुरुवातीचा अर्धा भाग गाईडमधला, आम्हांस पाठ असलेला. नंतर मात्र लिहिणाऱ्याने गाईड सोडून दिले होते. पाठ्यपुस्तकातल्या तळटीपेत एका शब्दाचा जो अर्थ दिला आहे, तो 'आमच्याकडे' तसा नाही, असे त्याने किंवा तिने लिहिले होते. आजीच्या तोंडी तो शब्द केव्हा येतो, हात कोणत्या कामात असताना येतो, हे तीन-चार साध्या वाक्यांत सांगितले होते. तो अर्थ घेतला तर ती ओळ दैवाविषयी राहत नाही, कामाने आलेल्या थकव्याविषयी होते. आणि ज्याला आपण तत्त्वज्ञान म्हणतो, तो एका राबणाऱ्या बाईने सांगितलेला साधा वृत्तान्तही असू शकतो, असा निष्कर्ष होता. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ. उत्तर दीड पानात संपले होते. सहापैकी दोन मुद्दे आले होते. आम्ही पंधरापैकी सहा गुण दिले आणि पान उलटले.

संध्याकाळी एस.टी.त बसल्यावर ते उत्तर आठवले. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेवांमुळे आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आली. त्यांच्या बोलीतल्या शब्दांना प्रमाणभाषेत अर्थ देणारी तळटीप ही मागाहून केलेली सोय आहे, आणि ती चुकू शकते. वर्षानुवर्षे बहिणाबाई शिकवूनही हा विचार आम्ही वर्गात कधी मांडला नव्हता. त्या दीड पानात तो होता, आणि त्याला आम्ही सहा गुण देऊन आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नियामकांना सांगून गुण बदलून घेता आले असते. आम्ही सांगितले नाही. एकच उत्तर, तीन-चार गुणांचा फरक, पुढे नवा गठ्ठा, अशी कारणे आम्ही स्वतःलाच दिली. तिसऱ्या दिवशी गुणपत्रकावर सही झाली.

येथे व्यवस्थेवर बोट ठेवणे सोपे आहे, आणि आमच्या पेशात ते सवयीचेही झाले आहे. परंतु नमुना उत्तराची पद्धत मूर्खपणाची आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ती नव्हती तेव्हा परीक्षकाची लहर हाच निकष होता. सुंदर अक्षर, घरातून आलेली प्रमाणभाषा, परीक्षकाच्या आवडत्या समीक्षकाचे नाव यांना गुण मिळत, आणि घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या विद्यार्थ्याला ते का मिळत नाहीत हे कधीच कळत नसे. मुद्द्यांची यादी अशा विद्यार्थ्याचे परीक्षकाच्या अभिरुचीपासून रक्षण करते. यादी असावी, या मताचे आम्ही आजही आहोत.

मुद्दा वेगळा आहे. त्या यादीच्या शेवटी, सहा मुद्द्यांच्या खाली, आणखी एक ओळ छापलेली होती: इतर कोणताही समर्पक मुद्दा ग्राह्य धरावा. बहुतेक नमुना उत्तरांच्या तळाशी अशी ओळ असतेच. म्हणजे नियमाने आमचे हात बांधलेले नव्हते. त्या विद्यार्थ्याला न्याय देण्याची तरतूद आमच्या डोळ्यांसमोर, छापील स्वरूपात होती. आम्ही ती वापरली नाही, कारण त्या दुपारी आम्ही वाचत नव्हतो, तपासत होतो. तपासणारा डोळा ठरलेल्या गोष्टी शोधतो आणि सापडल्या की खूण करतो. वाचणाऱ्याला पुढच्या ओळीत काय येणार हे ठाऊक नसते आणि ते जाणून घेण्याची त्याची तयारी असते. साहित्याच्या अध्यापकाला या दोन क्रियांतला भेद सांगावा लागू नये. वर्गात आपण तोच शिकवत असतो.

हा भेद आमच्याकडून विसरला कसा गेला, याचा विचार करताना एक गोष्ट ध्यानी आली: आमचेही लेखन कोणी वाचत नाही; ते तपासले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या कामाचे गुणांक ठरवले आणि संशोधनपत्रिकेतल्या लेखाला किती, ग्रंथाला किती, परिषदेला किती, असा हिशेब सुरू झाला. २०१८ च्या विनियमांनी ती पद्धत बदलली, पण हिशेब राहिला. त्यातल्या तक्त्यानुसार मानव्यविद्यांतील एका शोधनिबंधाला दहा गुण आहेत, तर संपूर्ण ग्रंथाच्या अनुवादाला आठ. एखाद्या कादंबरीच्या अनुवादात तीन वर्षे घालवणारा अध्यापक आठ पानी शोधनिबंधापेक्षा दोन गुणांनी उणा ठरतो. निबंध कोठे छापला हे पाहिले जाते, त्यात काय लिहिले आहे हे क्वचितच. मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ नावे एकदम वगळण्यात आली. २०१९ मध्ये आलेली 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद करण्यात आली. याद्या आल्या, गेल्या; त्यांच्या भरवशावर मिळालेल्या पदोन्नत्या राहिल्या. व्याख्यान झाले की नाही, हे आता जिओ-टॅग असलेल्या छायाचित्रावरून ठरते. व्याख्यानात काय सांगितले, हे त्या छायाचित्रात दिसत नाही.

याविरुद्ध आपण सारे तक्रार करतो, आणि ती खोटी नाही. अर्थात, त्याआधीचा काळ सुवर्णयुगाचा होता असेही नाही. पिवळ्या पडलेल्या टिपणांवर तीस वर्षे काढून सेवाज्येष्ठतेच्या बळावर वर चढलेले अध्यापक आपण पाहिले आहेत. हिशेब मागण्याची वेळ त्यांनीच आणली. परंतु तक्रारीचा खरा अर्थ काय? आम्हांला मोजू नका, वाचा, हाच ना? मग हीच मागणी त्या सभागृहातल्या प्रत्येक गठ्ठ्यातून आमच्याकडे येत होती. आपल्या लेखनाला मिळणाऱ्या वागणुकीने आपण दुखावतो आणि नेमकी तीच वागणूक आपल्याहून दुबळ्या लेखनाला देतो. फरक इतकाच की, आपल्याला तक्रार मांडण्यास व्यासपीठ आहे, बारकोडला नाही.

सार्वजनिक चर्चेतही हा प्रश्न मागेच राहतो. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सर्वत्र लागू केली आणि निकाल कित्येक आठवडे लांबले. गदारोळ झाला, तो रास्तच होता. विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडकले होते. पण चर्चेचा सारा भर निकाल केव्हा लागणार यावर होता. उत्तरे वाचली गेली का, हा प्रश्न क्वचितच ऐकू आला. निकाल वेळेवर लागणाऱ्या वर्षी तर तो कोणालाच पडत नाही.

आज हा प्रश्न आणखी निकडीचा झाला आहे. घरी लिहून आणावयाची स्वाध्यायपत्रे आता पुष्कळदा यंत्राकडून लिहून येतात. सहा मुद्दे, सहाही नेमके, शुद्धलेखन निर्दोष. यादीबरहुकूम तपासायचे तर त्या पत्राला पूर्ण गुण द्यावे लागतील. अशा वेळी चुकीच्या ऱ्हस्वदीर्घात लिहिलेले 'आमच्याकडे' हा शब्द तसा वापरत नाहीत हे वाक्य कोणत्या जातीचे आहे, हे ओळखता येणे हीच अध्यापकाची शिल्लक राहिलेली पात्रता आहे. ती आपण गमावली, तर तपासण्याचे काम यंत्राने का करू नये, या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर राहणार नाही. ते काम यंत्र आमच्यापेक्षा वेगाने आणि न थकता करील.

तेव्हा करायचे काय? मोठ्या सुधारणा आमच्या हाती नाहीत. तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत धावणाऱ्या तरुण सहकाऱ्याला प्रत्येक उत्तर सावकाश वाच, असा उपदेश करणे हा तर निर्दयपणा होईल. त्याचे पोट तासांच्या संख्येवर अवलंबून आहे. ज्यांची नोकरी सुरक्षित आहे, त्यांच्यापुरते मात्र दोन गोष्टी शक्य आहेत. तपासणीला बसण्यापूर्वी परीक्षकांची बैठक होते; तीत मुद्द्यांच्या यादीबरोबरच तीन-चार उत्तरे मोठ्याने वाचावीत आणि 'इतर समर्पक मुद्दा' म्हणजे काय, यावर तेथेच बोलावे. ती ओळ कागदावर आहेच. तिला अर्थ देणे एवढेच बाकी आहे. दुसरे, यादीत न मावणारे उत्तर हाती आले तर त्याच दिवशी, उठण्यापूर्वी, नियामकांना दाखवावे. उद्यावर टाकलेला न्याय गठ्ठ्यात बांधला जातो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. विभागाविभागांतून समारंभ झाले, आम्हीही भाषण केले. भाषेच्या प्राचीनतेचे पुरावे सांगत असताना मनात मात्र तो शब्द होता, जो एका आजीच्या तोंडी अजून जिवंत आहे आणि आमच्या तळटीपेत चुकीचा छापला आहे. समारंभानंतर खानदेशातल्या एका सहकाऱ्याला आम्ही त्याचा अर्थ विचारला. विद्यार्थ्याचे म्हणणे बरोबर होते.

आमच्या प्रतीतली ती तळटीप आता खोडलेली आहे आणि शेजारी पेन्सिलीने नवा अर्थ लिहिलेला आहे. दरवर्षी ती कविता शिकवताना आम्ही तो सांगतो, आणि हा अर्थ एका विद्यार्थ्याने दाखवून दिला, हेही सांगतो. वर्गातले कोणीतरी त्याचे नाव विचारते. ते आम्हांस ठाऊक नाही. आम्ही त्याला सहा गुण दिले होते, एवढेच ठाऊक आहे, आणि तेही आता वर्गात सांगू लागलो आहोत.