नव्या विंडोजचें आजारपण

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ साठीं सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या पुरविण्याचा आपला नित्यक्रम संपविला. तेव्हांपासून आमच्या नाशकांत ओळखीच्या घरोघरीं ‘विंडोज ११’ चढविण्याची घाई झाली. कित्येक ठिकाणीं तें सुखानें पार पडतें. कांहीं ठिकाणीं मात्र दोन दिवसांतच संगणक मध्येंच कोसळूं लागतो, पडदा निळा, अथवा अलीकडच्या आवृत्तींत काळा होतो, आणि चौकशी सुरू होते. वहिनी म्हणतात, भावोजींनीं कांहीं तरी केलें. भावोजी म्हणतात, मुलांनीं खेळ चढविला. आणि आजोबांनीं हात लावला नव्हता हें कोणासच पटत नाहीं!

दोष कोणाचा हें विचारण्यापूर्वीं शेवटचा बदल कोणता झाला हें विचारावें, असें आमचें मत आहे. न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक तो हाच: जें आल्यावर विकार आला व जें काढल्यावर गेला, तेथें कारण शोधावें.

ह्याचें मोठें उदाहरण ता. १९ जुलै २०२४ चें. त्या शुक्रवारीं क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीनें आपल्या संरक्षक आज्ञावलीसाठीं एक लहानशी फाइल जगभर पाठविली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख संगणक कोसळले. मुंबईच्या विमानतळावर आकासा कंपनीस प्रवाशांची नोंद हातानें करावी लागली; इंडिगोच्या कांहीं उतारूंस तर हातानें लिहिलेले पास मिळाले. कारण पाहूं गेल्यास शाळेंतील पोरानें हंसावें असें: आज्ञावली २० मूल्यें पुरवीत होती आणि नवी फाइल २१ वें मागत होती. जें नाहीं तें वाचावयास गेल्यानें, आणि ही आज्ञावली विंडोजच्या गाभ्यांत चालत असल्यानें, सबंध यंत्र बसलें. उपाय एवढाच कीं, सेफ मोडमध्यें शिरून ती एक फाइल काढून टाकावयाची. पुष्कळांची अडचण झाली ती बिटलॉकरच्या कुलुपाची ४८ अंकी किल्ली जवळ नसल्यामुळें.

घरच्या संगणकासही रीत हीच. पडद्यावर उमटलेलें इंग्रजी नांव आधीं टिपून घ्यावें. पुष्कळदां तें घात करणाऱ्या ड्रायव्हरचेंच असतें. ड्रायव्हर म्हणजे छपाईयंत्र, ध्वनि वगैरे अवयव आणि विंडोज यांमधील दुभाषी. विंडोज बदललें व दुभाषी जुनाच राहिला कीं घोटाळा होतो. नवा ड्रायव्हर संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. यंत्र सुरूच होत नसेल, तर सुरू होतांना दोनतीनदां बंद केल्यास दुरुस्तीचा पडदा येतो व तेथून सेफ मोडमध्यें जातां येतें. तेथें तें शांत चाललें तर दोष बहुधा ड्रायव्हरांत किंवा मागाहून चढविलेल्या आज्ञावलींत असतो. तेथेंही कोसळलें तर मेमरी व डिस्क तपासून घ्यावी. एवढ्यानें न भागल्यास, चढविल्यापासून दहा दिवसांच्या आंत ‘सेटिंग्ज’मधील ‘रिकव्हरी’च्या पानावरून जुन्या विंडोजवर परततां येतें.

‘फॉरमॅट करून टाका’ हा सल्ला मात्र सर्वांत शेवटीं ऐकावा. आमच्या एका स्नेह्यांनीं तो दुकानदाराच्या सांगण्यावरून पहिल्याच दिवशीं ऐकला. यंत्र झकास चालूं लागलें. परंतु त्यांच्या वडील बंधूंनीं अकरा वर्षें खपून टंकलेली कुळाची वंशावळ गेली. दुसरी प्रत नव्हती, आणि बंधूही आतां नाहींत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांपाशीं जुन्या नोंदी आहेत. पण गांवोगांव पत्रें लिहून त्यांनीं जमविलेलीं लेकींच्या सासरचीं नांवें त्यांत नाहींत.

म्हणून विंडोज चढविण्याच्या आदल्या दिवशीं घरांतील सर्व कागद व छायाचित्रें वेगळ्या डिस्कवर उतरून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. आणि बिटलॉकरची ती किल्ली वहींत लिहून वही कपाटांत ठेवावी, संगणकांत नव्हे.