दीडशे युनिटची धास्ती आणि शंभरचे पेट्रोल



गेल्या महिन्यात दहावीच्या एका मुलीला आम्ही विचारले, गणिताचा गृहपाठ का केला नाही? ती उभी राहून म्हणाली, "सर, आजी नऊ वाजता लाईट बंद करते. दीडशे पार झाले तर बिल भरणं होणार नाही म्हणते."

वर्गात कोणी हसले नाही. एरवी हसायला यांना एवढेसे कारण पुरते. म्हणजे ही गोष्ट एका घरची नव्हती.

आम्ही पुढे विचारले, "घरी गाड्या किती?" "दोन, सर." "पेट्रोलला महिन्याचे किती लागतात?" "ते नाही माहीत. काका टाकतात."

त्या दोन उत्तरांवरून हा लेख लिहायला घेतला आहे. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी घरातून आणि बाजारातून आली, तेव्हा भाषेत काही उणे-अधिक झाले तर मराठीच्या बाईंनी सांभाळून घ्यावे. हिशेब मात्र आम्ही दोनदा तपासला आहे.

आधी आजीची बाजू. आपल्या मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटचे १०० रुपयेच लागतात. १५० ची रेघ ओलांडली की सवलत सगळीच जाते आणि बिल एकदम हजाराच्या घरात पोचते. ज्या घरात रोजीवर माणसे जातात, तिथे आजी मीटरकडे डोळे लावून बसते, यात तिचे काही चुकत नाही. चुकते ते एवढेच की तिचा हात नेमका पोरीच्या दिव्यावर जातो.

९ वॅटचा एलईडी बल्ब रोज रात्री चार तास लावला तर महिन्याला १ युनिटच्या किंचित वर जातो. सवलत सोडून धरले तरी सहा-सात रुपये. पण ते युनिट १५१ वे निघाले तर, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. तर मग युनिट दुसरीकडे वाचवावे. पाण्याची एक एचपीची मोटर टाकी भरून वाहू लागल्यावर अर्धा तास तशीच चालू राहिली, तर त्या दिव्याच्या दहा रात्री वाहून गेल्या. रिकाम्या खोलीत फिरणारा कूलर, दिवसभर चालू राहिलेला ७५ वॅटचा जुना पंखा, हे सगळे दिव्याच्या आधी यायला हवे.

आता काकाची बाजू. आम्ही नववी-दहावीच्या मुलांना सांगितले, घरचे मागचे लाईट बिल आणा आणि त्याच महिन्याचा पेट्रोलचा खर्च लिहून आणा. बिल सगळ्यांनी आणले. कोणाचे तारेत खोचलेले होते, त्याला भोक होते, कोणाचे देवाच्या फोटोमागे ठेवलेले. पेट्रोलचा आकडा मात्र बहुतेकांच्या वहीत कोराच होता. काहींनी "अंदाजे" म्हणून लिहिले, आणि तो अंदाज घरी वाचून दाखवल्यावर वडील आणि काका यांच्यात वादावादी झाली, असेही आमच्या कानावर आले. त्याबद्दल दिलगीर आहोत.

कारण सोपे आहे. लाईट बिल महिन्यातून एकदा, छापून, घराच्या नावाने येते. सगळे मिळून ते वाचतात आणि सगळे मिळून घाबरतात. पेट्रोल आपण घेतो "शंभरचे टाक" म्हणून. उद्या पुन्हा शंभरचे. लिटर किती आले, हे कोणी बघत नाही. पूर्वी भाव वाढायचा तर आदल्या रात्री पंपावर रांग लागायची, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी यायची. १६ जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागला आणि लक्षात ठेवायचा राहिलाच. २०२१ च्या फेब्रुवारीत आपल्याच प्रदेशात अनूपपूरला साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा चार दिवस ओरड झाली. नंतर शंभरची नोट तीच राहिली, टाकीतले पेट्रोल तेवढे कमी झाले.

शाळा घरापासून दोन किलोमीटर धरा. वडील सकाळी मुलाला सोडतात आणि परत येतात, दुपारी घ्यायला जातात आणि परत येतात. आठ किलोमीटर झाले. गावातल्या गर्दीत गाडी लिटरला ४५ देत असेल तर रोजचे अठरा-एकोणीस रुपये, महिन्याचे २४ दिवस धरून साडेचारशेच्या आसपास. तेवढ्या पैशात आजीने बंद केलेला तो दिवा पाच वर्षे जळला असता. यात चौकापर्यंत खर्रा आणायला काढलेली गाडी धरलेली नाही.

आम्ही स्वतः काही निराळे नाही. गृहपाठ मुलांना दिला म्हणून आम्हीही एक महिना वही ठेवली. लाईटचे १३८ युनिट, बिल पाचशेच्या आत. पेट्रोल निघाले दोन हजार सहाशेचे. घरात पंख्यावरून आमची बोलणी रोज होतात, गाडीवरून वीस वर्षांत एकदाही झालेली नव्हती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. गाडी हा आपल्याकडे शौक राहिलेला नाही. सौंसरवरून नागपूर-छिंदवाड्याची छोटी रेल्वे जायची, ती २०१५ च्या शेवटी ब्रॉडगेजसाठी बंद झाली आणि पुन्हा गाडी धावायला कित्येक वर्षे लागली. राज्य परिवहनच्या सरकारी बसेस त्याच्याही आधी गेल्या. पलीकडे काटोल, वरूड, सावनेरला लाल एस.टी. आहे, आपण अलीकडचे लोक खाजगी बस भरण्याची वाट बघत उभे. मधल्या काळात ज्याच्या घरी मोटारसायकल आली त्याने काय वाईट केले? मोहगाव, लोधीखेड्याहून सौंसरला किंवा तिगावहून पांढुर्ण्याला रोज जाणाऱ्याला आम्ही पायी चला म्हणत नाही. आम्ही बोलतो आहोत ते गावातल्या गावात, शाळेच्या दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांशी.

आणि सीमेपलीकडे लिटरमागे एक-दोन रुपये स्वस्त मिळते म्हणून मुद्दाम तिकडे जाऊन टाकी भरणाऱ्यांशीही. पाच लिटरवर दहा रुपये वाचवायला वीस किलोमीटर गाडी पळवली तर चाळीस-पंचेचाळीस रुपयांचे पेट्रोल जळते. हे गणित सहावीच्या मुलाने आम्हाला सोडवून दाखवले. तो मुलगा ज्यांचा आहे, त्यांना तो कोणाबद्दल बोलत होता ते माहीत असेल.

नववी-अकरावीच्या मुलांच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांना फक्त इतकेच सांगतो की मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली असून, अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेच्या स्टँडमध्ये अशी गाडी यापुढे घेतली जाणार नाही.

आता विश्वस्त मंडळींकडे येतो. मागच्या बैठकीत आम्ही प्रस्ताव ठेवला होता की संध्याकाळी सहा ते नऊ शाळेची एक खोली अभ्यासिका म्हणून उघडी ठेवावी. ज्यांच्या घरी दिवा लवकर मालवतो किंवा टीव्ही उशिरापर्यंत चालतो, त्यांना बसायला जागा होईल. "लाईट बिल वाढेल" या एका कारणाने प्रस्ताव पुढे ढकलला गेला, आणि त्याच बैठकीत सायकल स्टँड वाढवून गाड्यांसाठी शेड करायला मंजुरी मिळाली.

चार ट्यूब २० वॅटच्या, चार पंखे ७५ वॅटचे. मिळून ३८० वॅट. तीन तासांचे १.१४ युनिट. शाळेचा दर घरच्यापेक्षा जास्त असतो, तरी दिवसाचे दहा रुपये धरले तर पुष्कळ झाले. पंचवीस दिवसांचे अडीचशे. त्या बैठकीला सहा जण पाच कारने आलो होतो. आम्ही "आलो" लिहिले आहे, कारण त्यातले एक आम्हीही होतो. जाऊन-येऊन सर्वांचे मिळून पन्नास किलोमीटर तरी झाले असतील. लिटरला १५ किलोमीटरने साडेतीनशेचे पेट्रोल. नको म्हणण्यासाठी आपण जितके जाळले, तितक्यात खोली महिनाभर चालून वर शंभर रुपये उरले असते.

शेड करू नका असे आमचे म्हणणे नाही. दूरच्या मुलांच्या सायकली पावसात भिजतात, त्यांना ती हवी. पण दोन्हीपैकी एकच करायचे असेल तर आधी अभ्यासिका करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि पुढच्या बैठकीत तोच प्रस्ताव पुन्हा येणार आहे. तिच्यासाठी वेगळा छोटा मीटर बसवू, दर शनिवारी रीडिंग नोटीस बोर्डवर लिहू. महिन्याला ३५ युनिटच्या वर गेले तर खोली बंद करण्याचा अधिकार मंडळाकडे राहील. चावी चपराशीभाऊंकडे असेल, त्यांनी आनंदाने होकार दिला आहे.

त्या बैठकीला आम्ही पायी येणार आहोत. आमच्या घरापासून शाळा सव्वा किलोमीटर आहे, हेही आम्ही याच महिन्यात पहिल्यांदा मोजले.