वेग हवा की विमा?

अनेक स्वस्त हार्ड डिस्क जोडून एक मोठी करायची, या युक्तीला 'रेड' हे नाव रूढ केलं ते बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधाने. रेड-० माहिती तुकड्यांत वाटते. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं! रेड-१ सगळं दोनदा लिहिते, जागा निम्मी. रेड-५ मध्ये एका डिस्कएवढीच जागा जाते आणि कुठलीही एक डिस्क मेली तरी निभावतं. लिहिणं मात्र मंदावतं.

माझं विचाराल तर घरच्या फोटोंना एवढा वेग हवाय कशाला? सरळ रेड-१ घ्या. पण चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून पुसला जातो. म्हणून तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात. परदेशात राहणाऱ्यांना तर गावाकडचं आईचं कपाट आहेच!