चवथीच्या सुट्टीपर्यंत दाढ थांबेल का?

पेडणे, डिचोली भागातल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी आज आखातात, इंग्लंडात किंवा बोटीवर आहे. काहीजण पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेले, तर 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर डिचोलीतल्या काहींनी हीच वाट धरली. ही माणसे घरी वेळेवर पैसे पाठवतात, घराचे अर्धे राहिलेले बांधकाम पुरे करतात. स्वतःची दाढ मात्र अंगावर काढतात. एकाच बाजूने चावायचे, रात्री लवंगेच्या तेलाचा कापूस दाबून धरायचा, इथून नेलेली वेदनाशामक गोळी घ्यायची आणि आईला फोनवर सांगायचे, ‘चवथीला येतो तेव्हा बघूया.’

याला आम्ही निव्वळ हयगय म्हणणार नाही. त्यामागे हिशेब आहे. आखातात साध्या कामगाराच्या आरोग्य विम्यात दातांचा खर्च बहुधा धरलेला नसतो आणि रजा घेतली तर दिवस बुडतो. इंग्लंडात सरकारी सेवेतला दंतवैद्य मिळणेच कठीण. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात असा एक दवाखाना उघडला, तेव्हा नाव नोंदवायला शेकडो लोक रस्त्यावर रांगेत उभे होते. इकडे बांबोळीला 1980 पासूनचे गोवा दंत महाविद्यालय व इस्पितळ आहे, जवळपास खासगी दवाखाने आहेत आणि कळ कुठून उठते ते आपल्या भाषेत सांगता येते. 2023 च्या जानेवारीपासून मोपाला विमानेही उतरू लागली.

पण दाढेतली कीड सुट्टीची वाट पाहत नाही. ती आतल्या नसेपर्यंत पोचली की ठणका लागतो. नस मेली की ठणका थांबतो, आणि नेमके इथेच माणूस फसतो. बरे वाटले म्हणून तो डॉक्टरकडे जाणे आणखी पुढे ढकलतो. दरम्यान संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरतो आणि तिथे पू धरतो. वेळीच भरली असती तर वाचली असती अशी दाढ मग काढावी लागते. मधुमेह असेल तर संसर्गाने साखर वाढते आणि साखरेने संसर्ग.

सुट्टीचेही गणित सहसा जुळत नाही. चवथीला आलेल्या माणसाचे पहिले काही दिवस माटोळी, पूजा आणि पाहुण्यांत जातात. उरलेल्या दिवसांत रूट कॅनलच्या दोन-तीन खेपा आणि कॅप तयार होऊन यायचा वेळ बसवायचा असतो. अक्कलदाढ काढल्यावर दुखणे उलटले तर ते बहुधा दोन-चार दिवसांनी उलटते, म्हणून विमानात बसायच्या आदल्या दिवशी ती काढणे धोक्याचे. इम्प्लांटचा स्क्रू हाडात पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. ते काम एका रजेत होतच नाही.

शिवाय तिकडचा खर्च न विचारताच जास्त धरला जातो. इंग्लंडात एप्रिल 2025 च्या सरकारी दरांनुसार तातडीचा उपचार 27.40 पौंड, दाढ भरणे, काढणे किंवा रूट कॅनल 75.30 पौंड. त्याच उपचारक्रमात कॅपही बसवली तर सगळ्याचे मिळून 326.70 पौंड. नेहमीचा दंतवैद्य नसला तरी 111 वर फोन करून तातडीची वेळ मागता येते. विमानाच्या तिकिटाच्या शेजारी हे आकडे मांडून पाहावेत.

आमचे मत स्पष्ट आहे. सूज, ताप, झोप उडवणारा ठणका असेल तर उपचार तिथेच आणि त्याच आठवड्यात व्हावा, उसने पैसे घ्यावे लागले तरी. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट इस्पितळ गाठावे. पडलेल्या दाताची न दुखणारी जागा भरणे, जुनी कॅप बदलणे, इम्प्लांट ही कामे गोव्यात येऊन करणे रास्तच आहे. त्यासाठी एक्स-रे आधी पाठवावा, तारखा ठरवूनच तिकीट काढावे आणि आल्याबरोबर पहिल्या आठवड्यात कामाला लागावे. परत जाताना एक्स-रे आणि उपचाराची नोंद सोबत न्यावी, म्हणजे तिथल्या डॉक्टरला पुढचे काम हाती घेता येईल. घरच्यांनी इथल्या दवाखान्यात वेळ घेऊन ठेवावी, आणि सूज आली आहे असे कळले तर ‘इकडे ये, मग करू’ न म्हणता आजच डॉक्टरकडे जा असे बजावावे.