लघुपटाच्या शेवटी आम्ही लावलेली पाटी

माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांसाठी लघुपट स्पर्धा भरविण्याची प्रथा गेल्या काही वर्षांत आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. निबंध, वक्तृत्व आणि चित्रकला यांच्या पंगतीत आता लघुपटही येऊन बसला आहे. तीन ते पाच मिनिटांची मर्यादा, मोबाईलवरील चित्रण चालेल, विषय व्यसनमुक्ती, स्वच्छता, पाणी वाचवा यांपैकी एखादा, आणि परीक्षणाच्या निकषांत सर्वांत वरचा मान ‘सामाजिक संदेशा’ला. आपल्या विद्यालयातील मुलामुलींनीही अशा स्पर्धांत भाग घेतला, बक्षिसे मिळविली. त्याचा आनंद आम्हांस आहेच. तथापि आम्हांस येथे जे मांडावयाचे आहे, ते अशाच एका बक्षीसपात्र लघुपटासंबंधी आहे आणि त्यात आमचा स्वतःचा दोष आहे.

दोन वर्षांपूर्वी नववीतील एका मुलीने दोन मैत्रिणींना सोबत घेऊन लघुपट केला. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी उरकली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे गाव सोडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत, हे आपल्या अनेक पालकांना वेगळे सांगावयास नको. निघण्यापूर्वीच्या रविवारी आई मुलीला भेटावयास आली. फाटकाजवळच्या लिंबाखाली बसून तिने मुलीची वेणी घातली. गाठोडे सोडले, त्यातून चटणीचा डबा, खोबरेल तेलाची बाटली, नवा टॉवेल काढून एकेक वस्तू मुलीच्या हाती दिली आणि रिकामे फडके पुन्हा घडी घालून कमरेला खोचले. मुलींनी आमच्या मोबाईलवर एवढेच चित्रित केले होते. वाऱ्याचा आवाज होता, मध्येच जेवणाची घंटा वाजली होती. एकदा आई सरळ कॅमेऱ्याकडे पाहून म्हणते, “पुरे की आता, सरांच्या मोबाईलची बॅटरी संपवशील.” शेवटच्या दृश्यात लिंबाखालची मोकळी जागा दिसते. तेथे कुणीतरी बसले होते, हे मातीवरून कळते. चित्र तेथेच संपत होते.

आम्ही ते तसे संपू दिले नाही. निकषांचा कागद आमच्यासमोर होता. “यात संदेश कुठे आहे?” असे आम्ही विचारले. मुली गप्प राहिल्या. मग आम्हीच शेवटी बाबासाहेबांचे छायाचित्र घातले, शिक्षणाचे महत्त्व सांगणाऱ्या दोन ओळींची पाटी लावली आणि मागे ढोलकीचा ठेका सोडला. लघुपटाला दुसरे पारितोषिक मिळाले. सभागृहात टाळ्या पडल्या त्या पाटीवर. परीक्षकांनीही भाषणात त्या पाटीचेच कौतुक केले, आईचा उल्लेख झाला नाही. परतताना एसटीत ती मुलगी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “सर, आईनं तर असं काही म्हटलंच नव्हतं.”

इतिहास शिकविणाऱ्या माणसाला हे वाक्य सहज विसरता येत नाही. साधनांत नसलेले विधान साधनाच्या तोंडी घालणे याला आमच्या विषयात काय म्हणतात, हे आम्ही दरवर्षी दहावीच्या वर्गाला समजावून सांगतो.

आपल्या समाजाच्या चित्रणाचा प्रश्न जुना आहे. 7 डिसेंबर 1956 रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा ती चित्रफितीवर उतरावी म्हणून लेखक आणि चित्रपटकर्मी नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून कॅमेरा उभा केला. लाखोंचा तो जनसागर आज आपण पाहू शकतो, तो या एका माणसाच्या हट्टामुळे. त्या दृश्यांत कुणी कुणाला उपदेश करत नाही. माणसे चालताना दिसतात, रडताना दिसतात, आणि आपण पाहत राहतो. व्हटकरांनी त्या दिवशी संदेशाचा विचार केला असता, तर त्यांच्या हातून काय निसटले असते याची कल्पनाही करवत नाही.

आणखी एक उदाहरण अलीकडचे, बहुतेकांनी पाहिलेले. नागराज मंजुळे यांच्या 2013 सालच्या ‘फँड्री’त जब्याचे कुटुंब पकडलेले डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीजवळून नेते. भिंतीवर बाबासाहेबांचे आणि इतर महापुरुषांचे चित्र आहे. दिग्दर्शकाने त्या चित्रांखाली एक अक्षर लिहिले नाही. आम्ही त्याच बाबासाहेबांचे छायाचित्र वापरले, पण मुलीने पाहिलेले झाकण्यासाठी. हा फरक आमच्या ध्यानात यावयास एसटीतील ते वाक्य ऐकावे लागले.

येथे आमचे काही सहकारी आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. सत्यशोधक जलसे आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे हे संदेशासाठीच तर उभे राहिले. मग मुलांच्या लघुपटात संदेश असला तर बिघडले कोठे? बिघडत नाही. पण जलशातील शब्द जलसाकारांनी स्वतः निवडले होते, आपल्या माणसांशी, आपल्या बोलीत, थट्टामस्करी करीत ते बोलत होते. स्पर्धेतला संदेश बाहेरून मागितला जातो, आणि त्याचा एक ठरलेला साचा असतो. आमच्या मुलांकडून त्या साच्यात दारुडा बाप, रडणारी आई, फाटके दप्तर आणि शेवटी हुशार मुलाला मिळालेली शाबासकी अपेक्षिली जाते. गेल्या काही वर्षांत आम्ही पाहिलेल्या अशा लघुपटांतील दारुड्या बापाची भूमिका करणाऱ्या मुलाचा स्वतःचा बाप निर्व्यसनी असल्याचे एकदा नव्हे, तीनदा आढळले. त्या गृहस्थांनी सभागृहात बसून हे पाहिले, तेव्हा त्यांना काय वाटले असेल?

आपल्या विद्यालयात रोज सकाळी वंदना होते. धम्मवंदनेत ‘एहिपस्सिको’ हा शब्द मुले तोंडपाठ म्हणतात. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. धम्म मान्य कर असे आधी म्हटलेले नाही, आधी पाहावयास बोलाविले आहे. सकाळी हे म्हणवून घ्यावयाचे आणि दुपारी त्याच मुलांच्या हाती कॅमेरा देऊन काय दिसले पाहिजे ते आधीच सांगून ठेवावयाचे, ही विसंगती आमच्या अनेक वर्षे लक्षात आली नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे की बाहेरच्या स्पर्धांना मुलांनी जरूर जावे, बक्षिसांचे आम्हांस वावडे नाही. परंतु विद्यालयाच्या वार्षिक संमेलनात आपली स्वतःची लघुपट स्पर्धा असावी आणि तिच्या निकषांतून संदेश हा रकाना काढून टाकावा. त्याऐवजी मुलाने काय बारकाईने पाहिले, याला गुण द्यावेत. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 साली, कुंडीत वाटाणा पेरून त्याचे रोप होईपर्यंत एकेक चौकट टिपत ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला होता. आठवीच्या मुलांना असे काम सहज जमेल, फक्त रोज ठरल्या वेळी कुंडीपाशी जाण्याचा नेम पाळावा लागेल.

वसतिगृहात मोबाईलला बंदी आहे आणि ती असावी, याविषयी पालकांनी निश्चिंत राहावे. दोन-तीन मोबाईल शिक्षकांच्या ताब्यात, ठरावीक तासापुरते, एवढ्याने भागते. मोठी अडचण आवाजाची येते. पंख्याची घरघर सगळे संवाद गिळून टाकते, त्यासाठी दोन साधे कॉलर माईक हवेत. माजी विद्यार्थ्यांनी ते दिले तर उपकार होतील. त्याहून अधिक हवे आहे ते परीक्षक म्हणून त्यांचे येणे. जे स्वतः त्या लिंबाखाली आईची वाट पाहत बसले होते, त्यांना त्या मोकळ्या जागेचा अर्थ पाटी लावून सांगावा लागणार नाही.

त्या लघुपटाची मूळ फाइल आमच्या जुन्या मोबाईलमध्ये अजून आहे, पाटीशिवायची. यंदाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात ती दाखवावी असा आमचा विचार आहे. ती मुलगी आता तालुक्याच्या ठिकाणी अकरावीला आहे. तिची परवानगी विचारली, तेव्हा ती म्हणाली, “आईला विचारून सांगते.” आई मार्चअखेर कारखान्यावरून परतेल.