ग्रह तीन, खनिज एकच

शनीसाठी नीलम, गुरूसाठी पुष्कराज, रवीसाठी माणिक, असे ज्योतिषी सांगतात. पण माणिक, नीलम आणि पुष्कराज म्हणून विकला जाणारा पिवळा नीलम हे तिन्ही खडे एकाच खनिजाचे आहेत. त्याचे नाव कोरंडम, म्हणजेच ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा स्फटिक.

शुद्ध कोरंडमला रंग नसतो. त्यात लोह आणि टायटॅनिअमचे अंश असले, की प्रकाश पडल्यावर लोहाकडून टायटॅनिअमकडे इलेक्ट्रॉन सरकतो. त्यात पिवळा-तांबडा प्रकाश शोषला जातो आणि खडा निळा दिसतो. नुसत्या लोहाने तो पिवळा होतो, तर क्रोमिअमने लाल. खडा भट्टीत तापवून रंग खुलवणे या व्यापारात नेहमीचेच आहे. कृत्रिम माणिक बनवण्याची रीत तर फ्रान्सच्या व्हर्नॉय यांनी १९०२ मध्येच जाहीर केली होती.

हौसेने अंगठी घालायला माझी हरकत नाही. पण सरकारी रुग्णालयात असे रुग्ण भेटतात, ज्यांनी खड्यासाठी कर्ज काढलेले असते आणि मधुमेहाच्या गोळ्या मात्र बंद केलेल्या असतात. खड्यातले लोह कातडीतून रक्तात उतरत नाही. त्याने रक्तक्षय बरा होत नाही, साखरही उतरत नाही. खडा बोटात राहू द्या, पण गोळी चुकवू नका. आणि हाताला मार लागला किंवा सूज येऊ लागली, तर अंगठी आधी काढा. उशीर झाला तर ती कापावी लागते.