मैदान जनतेच्या पैशाचे, संघ मात्र मालकाचा!

अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या जॅक्सन काउंटीत २ एप्रिल २०२४ रोजी सार्वमत झाले. प्रश्न सरळ होता. कॅन्सास सिटी चीफ्स हा फुटबॉल संघ आणि रॉयल्स हा बेसबॉल संघ यांच्या मैदानांसाठी, प्रत्येक डॉलरच्या खरेदीमागे तीन-अष्टमांश सेंट इतका विक्रीकर जनतेने पुढील ४० वर्षे भरावा काय? सुमारे ५८ टक्के मतदारांनी 'नाही' असे उत्तर दिले. चीफ्स संघाने सलग दुसऱ्यांदा देशाचे विजेतेपद मिळविले, त्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. संघावर जीव टाकणाऱ्या याच शहराने मालकांची मागणी मात्र फेटाळून लावली. भाडेकरूंच्या संघटनेने व अल्पवेतन कामगारांनी घरोघर जाऊन केलेल्या प्रचाराचा या निकालात मोठा वाटा होता.

जनतेने कौल दिला, प्रश्न मिटला, असे कोणाला वाटले असेल तर त्याला भांडवलशाही लोकशाहीची ओळख पटलेली नाही, असेच म्हणावे लागेल. दोनच महिन्यांत, जून २०२४ मध्ये, शेजारच्या कॅन्सास राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून मैदानाच्या खर्चाचा ७० टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारी रोख्यांतून उभारण्याची मुभा दिली. ते पाहून मिसुरीच्या राज्यकर्त्यांचा धीर सुटला. जून २०२५ मध्ये त्यांनीही खास अधिवेशन बोलावून निम्म्या खर्चापर्यंत मदत देऊ केली. काउंटीच्या मतदारांनी पुढच्या दाराने परतविलेली मागणी राज्य सरकारने मागील दाराने घरात घेतली, ती अशी! अखेर २२ डिसेंबर २०२५ रोजी चीफ्सच्या मालकांनी कॅन्सासची बोली स्वीकारल्याचे जाहीर केले. सुमारे ३ अब्ज डॉलर खर्चाचे, छत असलेले नवे मैदान कॅन्सासच्या हद्दीत उभे राहावयाचे आहे. २०३१ च्या हंगामापासून संघ तेथे खेळणार असून खर्चाचा सुमारे ६० टक्के भाग सार्वजनिक रोख्यांतून यावयाचा आहे. यासाठी कॅन्सासमध्ये राज्यव्यापी सार्वमत घेण्याची गरज कोणालाही भासली नाही.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नवे मैदान त्याच महानगरात आहे. कॅन्सास सिटी हे महानगर दोन राज्यांच्या सरहद्दीवर पसरलेले आहे. प्रेक्षक तेच, खेळाडू तेच, रस्तेही बहुतांशी तेच. मग बदलले काय? बदलली ती फक्त पैसे देणारी तिजोरी. आणि हा पक्षभेदाचाही प्रश्न नव्हे. कॅन्सासचे विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हाती होते, तर कायद्यावर सही करणाऱ्या गव्हर्नर डेमोक्रॅटिक पक्षाच्या. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या संघासाठी २०२२ साली राज्याचे ६० कोटी व काउंटीचे २५ कोटी डॉलर देण्याचा करार झाला, तोही डेमोक्रॅटिक गव्हर्नरांच्याच पुढाकाराने. निवडणुकीत एकमेकांवर तुटून पडणारे हे दोन्ही पक्ष संघमालकाच्या दिवाणखान्यात मात्र एकाच बाकावर बसलेले दिसतात.

या वादात वृत्तपत्रे आणि पुढारी एकच हिशेब मांडून बसतात: जनतेने किती द्यावे? ७० टक्के, ६० की ५०? हा हिशेबच मुळात फसवा आहे. खरा प्रश्न किमतीचा नाही, मालकीचा आहे. मालकीचा प्रश्न बाजूला ठेवून दिलेली प्रत्येक सवलत संघाला शहराशी बांधून ठेवत नाही. ती केवळ पुढच्या धमकीची तारीख ठरविते.

कृत्रिम टंचाईचा व्यापार

या धमकीला एवढे बळ कोठून येते, ते पाहू. अमेरिकन फुटबॉल (हा आपल्याकडे ओळखीचा, पायाने खेळावयाचा खेळ नव्हे) नॅशनल फुटबॉल लीग या संस्थेच्या मुठीत आहे. ही लीग म्हणजे ३२ संघांच्या मालकांची मक्तेदारी. नवा संघ काढावयाचा की नाही, जुना कोठे हलवावयाचा, हे मालकच मतदानाने ठरवितात. मुक्त स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्या याच देशाने १९६१ साली कायदा करून मालकांना दूरचित्रवाणीचे हक्क एकत्रितपणे विकण्याची मोकळीक दिली आणि मक्तेदारीविरोधी कायद्याची धार बोथट केली. २०२१ साली झालेल्या ११ वर्षांच्या करारांतून या मंडळींना मिळावयाची रक्कम १०० अब्ज डॉलरहून अधिक आहे. अशा कुबेरांना मैदान बांधण्यासाठी विक्रीकर हवा! जो कर दूध, कपडे, वह्या विकत घेणारा कामगार भरतो, तो!

मक्तेदारीचे पहिले सूत्र टंचाई. संघ मागणाऱ्या शहरांची संख्या संघांपेक्षा नेहमी जास्तच राहील, याची लीग काळजी घेते. १९९४ च्या हंगामानंतर लॉस एंजेलिस शहरातून दोन्ही संघ बाहेर पडले आणि अमेरिकेतील हे दुसऱ्या क्रमांकाचे शहर सलग २१ हंगाम रिकामे राहिले. या काळात अन्य शहरांतील मालकांना 'आम्ही लॉस एंजेलिसला जातो' एवढे म्हणणे पुरेसे होते. कारखान्याच्या फाटकावर बेकारांची रांग उभी असली की मालक मजुरी पाडतो; येथे शहरांचीच रांग उभी केली आहे.

केंद्रीय करकायदाही मालकाच्याच कामी आला. मैदानांसाठी करमुक्त रोखे काढण्याच्या प्रथेला आळा घालावयाचा म्हणून १९८६ साली करकायदा बदलला. करमुक्ती टिकवावयाची तर, मैदान खाजगी संघ वापरत असताना, कर्जफेडीचा १० टक्क्यांहून अधिक भाग त्या खाजगी वापराच्या उत्पन्नातून येता कामा नये, असा त्याचा आशय. यामुळे मदत थांबेल अशी अपेक्षा होती; झाले नेमके उलटे. करमुक्ती हातची जाऊ नये म्हणून शहरांनी मालकाकडून नाममात्र भाडे घ्यावयाचे आणि उरलेले कर्ज सर्वसाधारण करांतून फेडावयाचे, असा पायंडा पडला. मालकाने जितके कमी द्यावे तितके कर्ज स्वस्त!

रिकाम्या घुमटाचे हप्ते

धमकीपुढे मान तुकविल्याने काय मिळते, हे पाहण्यासाठी मिसुरीच्या जनतेला दूर जाण्याचे कारण नव्हते. त्याच राज्याच्या पूर्व टोकाला सेंट लुइस शहर आहे. १९८८ साली त्या शहराचा फुटबॉल संघ निघून गेला. नवा संघ मिळावा म्हणून सार्वजनिक पैशातून भव्य घुमट बांधण्यात आला आणि १९९५ साली रॅम्स हा संघ तेथे आला. दरवर्षी राज्याने १.२ कोटी, शहराने ६० लाख व काउंटीने ६० लाख डॉलर भरावयाचे, असे ठरले. करारात मात्र एक मेख होती: ठराविक वर्षी हे मैदान लीगमधील वरच्या चौथाईत बसले पाहिजे, नाहीतर संघ मोकळा. दर चार-दोन वर्षांनी कोठेतरी नवे मैदान उठत असताना ही अट पाळावयाची कशी? २०१३ साली लवादाने संघाच्या बाजूने कौल दिला. सुमारे ७० कोटी डॉलरचे आणखी काम करणे शहराला परवडणारे नव्हते. जानेवारी २०१६ मध्ये ३० विरुद्ध २ मतांनी मालकमंडळींनी रॅम्सला लॉस एंजेलिसची वाट मोकळी केली.

संघ गेला, कर्ज राहिले. पुढील कित्येक वर्षे तेथील जनता संघाविना उभ्या असलेल्या घुमटाचे हप्ते भरत राहिली. शहराने व काउंटीने दावा लावला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि त्यातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रक्कम वकिलांच्या शुल्कात गेली. एवढी मोठी भरपाई द्यावी लागूनही एकाही मालकाची मालकी हलली नाही, हे विसरता कामा नये.

रोजगाराची मखलाशी

मैदानाने रोजगार वाढतो, व्यापार वाढतो, असा डांगोरा मालकांचे भाट पिटत असतात. नियमित हंगामात संघाचे सामने १७. त्यांपैकी घरच्या मैदानावर आठ किंवा नऊ. एक-दोन सरावाचे सामने धरले तरी वर्षाकाठी जेमतेम दहा दिवस. कोणता कारखाना वर्षातून दहा दिवस चालवून शहर पोसले जाते? तिकिटे तपासणे, खाद्यपदार्थ विकणे, गाड्या लावून देणे, अशी तात्पुरती व तुटपुंज्या वेतनाची कामे यातून निघतात. शिवाय कुटुंबाच्या खिशातला करमणुकीचा पैसा मर्यादितच असतो. तो मैदानात खर्च झाला की वस्तीतल्या खानावळीत किंवा चित्रपटगृहात होत नाही. रॉजर नोल व अँड्र्यू झिम्बलिस्ट यांनी १९९७ साली संपादित केलेल्या अभ्यासग्रंथाने हेच दाखवून दिले होते. हे दोघे काही मार्क्सवादी नव्हेत. चीफ्सच्या बाबतीत तर प्रेक्षकही एकाच महानगराचे. मग वाढणार काय?

बांधकाम कामगारांच्या अनेक संघटना अशा योजनांना पाठिंबा देतात, त्यांच्याशी मात्र वेगळ्या भाषेत बोलले पाहिजे. त्यांची कामाची मागणी न्याय्य आहे. पण काम मैदान बांधण्यात जितके आहे तितकेच ते शाळा, इस्पितळे, स्वस्त घरे आणि जलवाहिन्या बांधण्यातही आहे. एका थरातील कामगाराला मिळणारे काम दुसऱ्या थरातील भाडेकरूच्या डोक्यावरील कराच्या बदल्यात घ्यावयाचे, हा सौदा मालकवर्गाच्या फायद्याचा आहे. कामगारवर्गात फूट पाडण्याची ही जुनीच रीत होय.

खेळाला नाके मुरडणाऱ्यांस

दुसऱ्या बाजूला काही पुरोगामी मंडळी म्हणतात की, संघ जातो तर जाऊ द्या. चेंडूच्या खेळासाठी कामगाराने इतके वेडे व्हावे कशाला? ही भूमिका जहाल वाटते, पण ती पोकळ आहे. पोलाद, मोटारी, मांसप्रक्रिया अशा उद्योगांच्या शहरांत बापाने मुलाला खांद्यावर बसवून दाखविलेला खेळ, पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेले रंग, हे सारे मालकाने निर्माण केलेले नाही. खेळाडूंची हाडे आणि प्रेक्षकांची निष्ठा यांतून संघ घडतो. १९८७ साली खेळाडू संपावर गेले तेव्हा मालकांनी बदली माणसे उतरवून सामने चालू ठेवले. पण मैदाने ओस पडू लागली. संघ कोणामुळे संघ असतो, हे तेव्हाच दिसले होते. शहराने निर्माण केलेले हे मूल्य मालक स्वतःच्या नावे करतो, आणि शहरापासून ते तोडण्याची भीती घालून त्याच शहराकडून खंडणी उकळतो. म्हणूनच 'जाऊ द्या' हे उत्तर नव्हे. 'घेऊन जाणारे तुम्ही कोण?' हा सवाल विचारला पाहिजे.

घरे संपादता येतात, संघ नाही!

हा सवाल यापूर्वी विचारला गेला आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराने १९८० साली रेडर्स हा संघ सार्वजनिक हितासाठी सक्तीने संपादन करण्याची कारवाई सुरू केली. १९८२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असे संपादन तत्त्वतः अशक्य नाही, असे म्हटले. पण संघ त्याच वर्षी लॉस एंजेलिसला गेला आणि १९८५ साली आंतरराज्य व्यापारास बाधा येते या कारणाने शहराचा दावा अखेरीस बुडाला. मेरीलँड राज्याच्या विधिमंडळात बाल्टिमोरचा कोल्ट्स संघ संपादन करण्याचा कायदा मंजूर होऊ लागताच, २८ मार्च १९८४ च्या रात्री मालकाने सामान मालमोटारींत भरून इंडियानापोलिस गाठले. चोर जसा रात्रीचा पळतो तसा हा 'उद्योगपती' पळाला.

याच्या शेजारी टेक्सासमधील आर्लिंग्टन शहराचा कारभार ठेवून पाहा. २००९ साली तेथे उघडलेल्या मैदानासाठी शहराने याच संपादनाच्या अधिकाराखाली राहत्या घरांच्या जागा घेतल्या. सामान्य माणसाचे घर मालकासाठी घेता येते. मालकाचा संघ सामान्य माणसांसाठी घेता येत नाही! मालमत्तेचा हक्क पवित्र आहे तो कोणाचा, हे यापेक्षा स्पष्ट कोणता ग्रंथ सांगेल?

आणि पर्याय नाही असेही नाही. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे हे जेमतेम एक लाख वस्तीचे गाव. तेथील पॅकर्स संघ १९२३ पासून जनतेच्या भागभांडवलावर चालतो. आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. लाभांश कोणालाही नाही, एकाच्या हाती सत्ता जाईल इतके भाग कोणालाही घेता येत नाहीत आणि ३२ संघांत जमाखर्च दरवर्षी जनतेपुढे ठेवणारा संघ हा एकटाच. हा समाजवाद नव्हे. त्या काउंटीनेही २००० साली मैदानाच्या दुरुस्तीसाठी अर्धा टक्का कर मंजूर केला आणि २०१५ साली तो संपला. पण तेथे एक गोष्ट घडत नाही: गाव सोडून जाण्याची धमकी देणारा कोणी तेथे नाही. म्हणूनच लीगने नियम करून अशा मालकीला दरवाजे बंद केले आहेत. जुना म्हणून पॅकर्स तेवढा वाचला; दुसरा पॅकर्स होऊ द्यावयाचा नाही!

जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी 'नाही' म्हटले, तो कौल योग्य होता. पण एका काउंटीचे 'नाही' दुसऱ्या राज्याच्या 'हो'ने विकत घेता येते, तोवर ते अपुरेच राहणार. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या करदात्यांनी एकत्र येऊन मागितले पाहिजे: सार्वमताशिवाय एक छदामही नाही, पैसा जितका, मालकीचा वाटा तितका, शहरांना संघ विकत घेण्याचा हक्क, आणि सार्वजनिक मालकीवरील लीगची बंदी रद्द. 'सवलती द्या, नाहीतर कारखाना शेजारच्या राज्यात नेतो' ही भाषा आपल्या देशातील कामगारांनाही परकी नाही. तिला अधिक सवलतींनी उत्तर देणारी सरकारे आपणही पाहिली आहेत. धमकी देणाऱ्याला पैसे देऊन धमकी थांबत नसते. धमकी देण्याची सत्ताच त्याच्या हातून काढून घ्यावी लागते.